झाडाची मजुरी कोण देतं?

ज्येष्ठ जवळ आला की उज्जैनमध्ये वडाला मान मिळतो. आपले हिंदी शेजारी अमावस्येला वटसावित्री करतात, आपण मराठी घरातली माणसं पौर्णिमेला. म्हणजे एकाच वडाला पंधरा दिवसांत दोनदा सूत गुंडाळलं जातं. आणि याच दिवसांत, पाऊस यायच्या आत, मोहल्ल्यामोहल्ल्यात झाडं छाटायचीही घाई असते.

त्यावरूनच यंदा आपल्या दोन-तीन कौटुंबिक ग्रुपवर एक प्रश्न फिरतो आहे. अंगणात जुना कडुनिंब आहे, फांद्या घरावर आल्या आहेत. जाणकार माणूस, ज्याला हल्ली ट्री सर्जन म्हणतात, तो बराच पैसा सांगतो. लाकूडवाला म्हणतो, "एक रुपया देऊ नका, लाकूड मी नेतो." मग एका झाडासाठी एवढा पैसा घालवणं योग्य आहे का? तेवढ्यात कितीतरी जणांचं अन्नदान होईल, असंही एका काकांनी लिहिलं. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचा थोडा नीट विचार करू या.

*फुकट म्हणजे काय?*

लाकूडवाला वाईट माणूस नसतो. त्यालाही पोट आहे. पण त्याचा मोबदला लाकडात आहे, हे आपण विसरतो. वाळकी, किडलेली फांदी त्याच्या फारशी कामाची नाही. जाड, निरोगी, रसरशीत फांदीला वखारीत भाव येतो. मग त्याची कुऱ्हाड कुठे जाईल? आपणच त्याला असा सौदा दिला आहे की झाडाचं जेवढं नुकसान, तेवढा त्याचा फायदा. नंतर "किती भुंडं केलं हो झाड" म्हणून त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आपल्या खिशातून काही गेलं नाही, म्हणून काम फुकट झालं असं नसतं. मजुरी झाडाने दिली. आणि दोराशिवाय, टोपीशिवाय, चपला खाली काढून तीस फूट वर चढलेल्या त्या माणसाने आपला जीव टांगणीला लावून दिली. तो पडला तर त्याच्या घरात कोण कमावणार, हा प्रश्न त्या सौद्यात कोणी विचारलेला नसतो.

उरलेला हिशोब पुढे येतो. झाडाचा शेंडा मारला की दोन-तीन महिन्यांत तिथे भराभर धुमारे फुटतात. आपण म्हणतो, वा, झाड पुन्हा हिरवं झालं! पण हे धुमारे खोडाच्या वरच्या थरालाच धरून असतात, मूळच्या फांदीसारखे आतून रुजलेले नसतात. चार-सहा वर्षांत ते जड होतात आणि खालचं कापलेलं टोक कुजत जातं. मग एखाद्या वादळात ती फांदी खाली येते. तेव्हा खाली कोण उभं असेल हे आज कोणाला माहीत? भाजीवाला असेल, शाळेतून येणारं पोर असेल. आपल्या बचतीचे पैसे तो भरणार.

*जाणकार नेमकं काय करतो?*

आधी तो पाहतो. बुंध्याशी अळंबी उगवली आहे का, ढोली किती खोल आहे, झाड अलीकडे कलू लागलं आहे का, मुळाशी मातीला भेगा आहेत का. मग ठरवतो की काय कापायचं आणि काय कापायचं नाही. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. कापायचं ते या कड्याच्या बाहेर. अगदी खोडाला लागून सपाट कापलं तर झाडाला ती जखम बंद करणं अवघड जातं. आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. जड फांदी असेल तर आधी खालून थोडी खाच, मग थोडं पुढे वरून काप, आणि शेवटी उरलेला खुंट. असं तीन वेळा करवत चालवली की फांदी पडताना खोडाची साल ओरबाडून नेत नाही.

आपली कातडी भरून येते तसं झाडाचं नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅलेक्स शिगो या शास्त्रज्ञाने हजारो झाडं कापून पाहून दाखवलं की झाड जखमी भाग दुरुस्त करत नाही, त्याला आतून भिंती घालून वेगळा करतं आणि वरून नवं लाकूड वाढवतं. म्हणजे आज केलेला चुकीचा काप झाडाच्या पोटात कायमचा राहतो. एवढी गोष्ट समजली तरी जाणकाराला पैसे कशाचे द्यायचे हे कळतं. तो कापतो त्याचे तर आहेतच, पण जे कापत नाही त्याचेही आहेत. शिवाय दोर, पट्टे, हेल्मेट, खाली उभी असणारी माणसं, विजेच्या तारांजवळचं काम, विमा, हे सगळं त्या आकड्यात असतं.

*ही विद्या आपल्या उज्जैनचीच*

झाडाला वैद्य लागतो ही कल्पना परदेशातून आलेली नाही. सहाव्या शतकात याच अवंतीत वराहमिहिर होऊन गेले. त्यांच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे. झाडं किती अंतरावर लावावीत इथपासून ती आजारी पडली हे कसं ओळखावं इथपर्यंत. पानं फिकी पडतात, अंकुर वाढत नाहीत, फांद्या सुकतात, रस गळतो, अशी लक्षणं त्यात दिली आहेत. उपचार सांगताना ते पहिलं काय सांगतात? शस्त्राने रोगट भाग साफ करावा. मग वावडिंग, तूप आणि चिखलाचा लेप. आणि नंतर दूध मिसळलेलं पाणी घालावं.

आजचं शास्त्र म्हणतं की कापलेल्या जागी लेपाची गरज नसते. ते असो. पण क्रम बघा. आधी जाणत्या हाताचं शस्त्र, मग दूध. आपण मधल्या काळात दूध तेवढं धरून ठेवलं.

भैरवगढच्या सिद्धवटाला आपण सगळे जातो. श्राद्धपक्षात चतुर्दशीला तिथे दूध वाहायला केवढी रांग असते! मुघलांनी तो वड तोडून वर लोखंडी तवे ठोकले, तरी तो तवे फोडून वर आला, अशी कथा आपण मुलांना सांगतो. त्या श्रद्धेला आमचा हात जोडून नमस्कार. पण या कथेचा एक सोयीचा अर्थ आपण काढतो, की झाडाचं देव बघून घेईल. घरच्या कडुनिंबाबद्दल तो अर्थ लावून चालणार नाही.

आपल्या महाकालाचंच उदाहरण घ्या. ज्योतिर्लिंगाची झीज होते आहे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुरातत्त्व आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी पाहणी केली. 2017 मध्ये प्रत्येक भाविकाने अर्धा लिटर आरओचं पाणी वाहावं अशी मर्यादा आली आणि 2020 मध्ये भाविकांनी लिंग चोळू नये असा आदेश झाला. यात भक्ती कमी झाली का? नाही. ज्याच्यावर प्रेम आहे त्याला काय सोसतं हे जाणत्याला विचारणं, हाही भक्तीचाच भाग ठरला.

*"आपले सेवेकरी चढतील की!"*

ही सूचनाही आली आहे, आणि ती प्रेमापोटी आली आहे. सेवा हा आपल्या मार्गाचा प्राण आहे. पण सेवेकऱ्याला डोळ्यांचं ऑपरेशन करायला आपण सांगत नाही. तिथे आपण म्हणतो, डॉक्टरांना बोलवा, आम्ही रुग्णाचा डबा आणू. झाडाबाबतही तेच. खालचा रस्ता अडवणं, फांद्या गोळा करणं, पाणी देणं, पालापाचोळ्याचं खत करणं, ही सेवा भरपूर आहे. वर चढणं हे कसब आहे, आणि कसबाचं मोल द्यायचं असतं. जाणत्याला दक्षिणा देण्याची रीत आपल्याकडे आहेच. "देवाचं काम आहे, कमी घ्या" असं म्हणत कारागिराच्या पोटावर पाय देणं हे मात्र पुण्य नव्हे.

इथे एक दुःखद गोष्ट सांगावी लागते. 9 एप्रिल 2023 रोजी अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातल्या पारस गावी, बाबूजी महाराज संस्थानात भाविक जमले होते. वादळी पाऊस आला म्हणून लोक टिनाच्या शेडखाली थांबले आणि शेजारचा जुना कडुनिंब त्या शेडवर कोसळला. सात जण गेले, अनेक जखमी झाले. हे कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. ती सगळी आपल्यासारखीच, आरतीला आलेली माणसं होती. वादळ काय करतं हे उज्जैनला सांगायला नको. 2016 च्या सिंहस्थात 5 मे रोजी मंडप कसे उडाले आणि माणसं कशी दगावली, हे आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर आहे. 2028 चा सिंहस्थ आता दूर नाही. नातेवाईक येतील, अंगणात, झाडाखालीच गाद्या पडतील.

*मग अन्नदानाचं काय?*

काकांच्या प्रश्नाला टाळू नये. भुकेल्याचा घास काढून झाडावर खर्च करा असं आम्ही म्हणत नाही. पण हिशोब मांडून बघा. समजा खर्च 20 हजार आला, आणि झाडाची सावली, हवा आणि धोका वाटून घेणारी 40 घरं आहेत. घरामागे 500 रुपये झाले. एकदा नीट काम झालं की पाच वर्षं मोठं काम निघालं नाही असं धरा, तर वर्षाला 100, म्हणजे महिन्याला आठ-सव्वाआठ रुपये. हे अन्नदानातून काढावे लागत नाहीत. मंडपाच्या एका जादा कमानीतून, लाइटिंगच्या एका माळेतून निघतात. आणि ज्याची ऐपतच नाही त्याने अंगावर कर्ज घेऊ नये, मोहल्ल्याने मिळून करावं. झाड एकाच्या अंगणात असतं, पण त्याची फांदी पडते ती रस्त्यावर.

कधी जाणकार असंही सांगेल की झाड आतून पोकळ झालं आहे, आता ते ठेवणं धोक्याचं आहे. ते ऐकायला जड जाईल. तरी त्याचं ऐकावं, आणि जागा पाहून दोन नवी रोपं लावावीत.

*या महिन्यात एवढं करू या:*

🌿 घराजवळच्या मोठ्या झाडाभोवती एक फेरी मारा. वाळक्या फांद्या, अळंबी, ढोली, नवा कल, मुळाशी भेगा दिसतात का बघा. याला पैसे लागत नाहीत.

🌿 बुंध्याला घट्ट आवळलेली तार, खिळे, लाइटच्या माळा काढा. पारावर सिमेंट खोडापर्यंत भिडलं असेल तर मुळांना श्वास घ्यायला जागा मोकळी करा. 2013 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत झाडाभोवती एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवायला सांगितलं होतं, तेवढं माप धरा.

🌿 कोणालाही काम देण्याआधी विचारा: दोर आणि हेल्मेट आहे का? शेंडा मारणार का? लाकूड कोणाचं? "शेंडा मारून देतो, लाकूड माझं" असं उत्तर आलं तर हात जोडून निरोप द्या.

🌿 झाड तोडायचं असेल तर परवानगी घ्या. मध्य प्रदेशातल्या शहरांसाठी 2001 चा वृक्ष परिरक्षण कायदा आहे, महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी 1975 चा. फांद्या छाटण्याआधीही नगरपालिकेत चौकशी करा, आणि वर घरट्यात पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबा.

वटपौर्णिमेला सूत गुंडाळताना आपल्या बायाबापड्या सात जन्मांचं मागणं मागतात. यंदा पूजा झाली की मान वर करून त्या वडाच्या फांद्याही जरा बघून घ्या, आणि काही वाळकं, लोंबतं दिसलं तर ग्रुपवर फोटो टाका. पुढचं आपण सगळे मिळून बघू.

हा लेख आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर जरूर पाठवा.

🙏 जय गुरुदेव 🙏