पावती कोणाच्या नावावर?

आयटीत काम करणाऱ्या प्रत्येकाला दोन प्रश्न कधी ना कधी पडतातच. एका कंपनीची ऑफर स्वीकारली आणि ९० दिवसांचा नोटीस पिरियड चालू असताना दुसरीकडून जास्त पैशांची ऑफर आली, तर पहिल्या कंपनीला दिलेला शब्द मोडायचा का? आणि क्लायंटने अशक्य ते मागितलं, मॅनेजर कॉलवर ‘होऊन जाईल’ म्हणाला, तर आपणही मान डोलवायची का?

मला हे दोन्ही एकाच प्रश्नाचे दोन चेहरे वाटतात.

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कपासून मिहानपर्यंत कुठेही तर्री पोहे खाताना पहिला विषय काढून पाहा. उत्तर ठरलेलं आहे : ‘काहून नाही बे? कंपनी तुले काढते तवा विचारते का?’

या बोलण्यात दम आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने वर्षाला ६.५ लाखांची ऑफर दिलेल्या, रुजू होण्याची वाट पाहत बसलेल्या नव्या पदवीधरांना विचारलं, की ३.५ लाखांवर येता का? ऑफर लेटर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे, हे कंपन्यांनीच आपल्याला शिकवलं. मग निष्ठेचं ओझं एकट्या कर्मचाऱ्यानेच का वाहायचं?

वाहू नये. पण इथे एक गल्लत होते. कंपनीच्या अशा वागण्यामुळे आपण कृतज्ञतेतून मोकळे होतो, खरं बोलण्यातून नाही. कारण मोडलेल्या शब्दाची किंमत दर वेळी ‘कंपनी’ मोजतेच असं नाही. आपण होकार दिला तेव्हा त्याच जागेसाठी आलेल्या दुसऱ्या कुणाला तरी ‘जागा भरली’ असा मेल गेलेला असतो. त्याच्या घरीही ईएमआय असतो. आपण आपला बेत बदलल्याचं आजच कळवलं, तर त्याला अजून फोन जाऊ शकतो. रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद करून बसलो, तर तोवर त्याने मिळेल ती नोकरी धरलेली असते. म्हणजे ऑफर नाकारणं आणि ऑफर दाबून ठेवणं यांत नैतिक फरक आहे, आणि तो पगाराच्या आकड्यावरून ठरत नाही.

आपल्याकडे म्हणतात, कोणाच्या तरी नावावर पावती फाडली. मला हीच कसोटी वाटते. माझ्या ‘हो’ची किंवा ‘नाही’ची पावती कोणाच्या नावावर फाटते आहे? आणि ज्याच्या नावावर फाटते आहे, त्याला ते माहीत आहे का?

आता क्लायंटकडे येऊ. शुक्रवारी संध्याकाळी ‘सोमवारपर्यंत द्या’ असं सांगणं त्याचा हक्क आहे. पैसे तो मोजतो. पण कॉलवर ‘हो’ म्हणणारा एक असतो आणि रात्री जागणारी दुसरीच, टीममधली सगळ्यात नवी मुलगी असते. होकार मॅनेजरचा, पावती तिच्या नावावर. काम त्याहूनही मागे पडलं की मग टेस्टिंगचा रिपोर्ट ‘जरा नीट’ करायला सांगितलं जातं. आता पावती अशा माणसाच्या नावावर फाटते, ज्याला या कॉलचा पत्ताच नाही. तो म्हणजे ते सॉफ्टवेअर वापरणारा.

हे कुठवर जातं ते फोक्सवॅगनने २०१५ साली दाखवलं. कंपनीच्या डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर चाचणी चालू असल्याचं ओळखायचं. तेवढ्यापुरतं प्रदूषण नियंत्रण पूर्ण चालायचं, रस्त्यावर आलं की ढिलं पडायचं. जगभरात सुमारे १.१ कोटी गाड्या. ग्राहकांना आवडेल असं इंजिन आणि अमेरिकेचे कडक नियम एकत्र जमत नाहीत, हे अभियंत्यांना कळलं होतं. ‘जमत नाही’ हे उघड सांगण्याऐवजी कोड लिहिला गेला. त्यातल्या जेम्स लिआंग या अभियंत्याला २०१७ मध्ये अमेरिकेत ४० महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. पण धूर मात्र रस्त्यावरच्या अनोळखी माणसांनी घेतला.

उलट उदाहरण चिंतामणराव देशमुखांचं. मध्य प्रांत-वऱ्हाडात आयसीएस अधिकारी म्हणून कारकीर्द सुरू केलेला, पुढे रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झालेला हा माणूस १९५६ साली देशाचा अर्थमंत्री होता. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा निर्णय पटला नाही, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. नकार उघड होता आणि त्याची पावती त्यांनी स्वतःच्या नावावर फाडली.

तुम्ही म्हणाल, देशमुखांना काय, त्यांना कुठेही काम मिळालं असतं. बरोबर आहे. ज्याच्या पगारावर घरचे पाच जण जगतात त्याला ‘राजीनामा दे’ असं सांगणं सोपं आणि थोडं निर्लज्जपणाचंही आहे. पण राजीनामा आणि मान डोलावणं यांच्यामध्ये बरीच जागा असते. ‘सोमवारपर्यंत यातलं एवढंच होईल’ असं मेलवर लिहिता येतं. रिपोर्टमध्ये न चाललेली टेस्ट ‘चालली नाही’ अशीच ठेवता येते. जास्तीचं काम कोण करणार हे कॉलवरच, त्या मुलीच्या देखत विचारता येतं. यासाठी शौर्य लागत नाही, थोडा अवघडलेपणा सोसावा लागतो.

अवघडलेपणा ही सगळ्यात स्वस्त पावती आहे. ती आपण भरली नाही, तर पुढची महाग असते आणि बहुतेकदा दुसऱ्याच्या नावावर फाटते.