कानावर पडणे आणि ऐकून घेणे

मराठी भाषेने ऐकण्याचे अनेक प्रकार ओळखले आहेत. एखादी गोष्ट कानावर पडते, एखादी आपण कानाआड करतो, तर एखाद्याचे म्हणणे ऐकून घेतो. पहिल्यात आपले कर्तृत्व नाही, दुसऱ्यात दोष आहे आणि तिसऱ्यात थोडे पुण्य आहे, असे आपण धरून चालतो. पण कानावर पडूनही जे ऐकूच आले नाही, त्याचे काय? त्याचा दोष कोणास द्यावा? हा प्रश्न वरवर शब्दच्छल वाटेल; परंतु पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या भाषांच्या शेजारात राहिलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांच्या तो रोजच्या जगण्यातला आहे. म्हणून कान नेमके काय करतो, हे आधी पाहिले पाहिजे.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखे सुमारे अडीच वेढ्यांचे वेटोळे असते. त्यास कर्णावर्त म्हणतात. त्यात सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा एक पातळ पडदा ताणलेला असतो. मुखाशी तो अरुंद व ताठ, तर आतल्या टोकाशी रुंद व सैल असतो. त्यामुळे उंच स्वरांनी तो मुखाजवळ अधिक हलतो आणि खर्जाच्या स्वरांनी टोकाजवळ. माणसास ऐकू येणारी २० ते २०,००० हर्ट्झ ही कंपने अशी त्या इवल्या पडद्यावर ओळीने मांडलेली असतात. एक सप्तक चढले की कंपनसंख्या दुप्पट होते, तरी पडद्यावर बहुतेक सप्तकांना जवळपास सारखीच जागा मिळते. केवळ खालच्या टोकाशी ती आक्रसते. बुडापेस्टच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम केलेल्या गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृत माणसांच्या कर्णावर्तात या पडद्यावरून धावणारी लाट प्रत्यक्ष पाहिली आणि १९६१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पडद्यावरील सुमारे ३,५०० आतल्या केसपेशी आपापल्या जागेची वार्ता पुढे धाडतात. हा क्रम मेंदूतील श्रवणक्षेत्रापर्यंत टिकून राहतो. शेजारचे स्वर तेथेही शेजारीच नांदतात.

येथेच सारे संपते, तर ऐकणे म्हणजे पेटीच्या पट्ट्या मोजणे ठरले असते. तसे ते नाही. जुन्या तारेच्या टेलिफोनमधून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढीच कंपने जात. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर बहुधा १०० ते १२० हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे तो तारेतून येतच नव्हता. तरीही परगावच्या वडिलांचा भरदार आवाज मुलांना भरदारच ऐकू येई. वरच्या स्वरांची परस्परसंगती पाहून मेंदू हरवलेला मूळ स्वर जाणून घेतो. ऑगस्ट झेबेक यांनी १८४१ मध्येच भोंग्यावरील प्रयोगांतून या प्रकाराकडे लक्ष वेधले होते.

याच्या उलटही घडते. जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेत गंधार असतो. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनांचा तो स्वर जवारीमुळे उजळतो आणि पडद्यावर आपल्या जागी उमटतोही. तरी नवशिक्यास तो ऐकू येत नाही. गुरुजी म्हणतात, “गंधार ऐक”, आणि काही दिवसांनी तो एकाएकी ऐकू येऊ लागतो. तार तीच आणि कानही तोच असतो. म्हणजे नसलेले ऐकू येते आणि असलेले ऐकू येत नाही. कानाने आणलेल्यातून काय घ्यावे, हे कानाआड ठरते.

ही निवड फार लवकर सुरू होते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडातील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतील भेद कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना तो बहुतांशी कळेनासा झाला होता. कान बिघडले नव्हते. घरात ज्या भेदाला अर्थ नव्हता, तो मनाने सोडून दिला होता.

हे वाचताना आम्हांस आपल्या ‘ळ’ची आठवण होते. वडोदऱ्यास गुजरातीचा, बेळगावास कन्नडचा आणि गोव्यात कोकणीचा त्यास आधार आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडे मात्र नातवंडांच्या तोंडी ‘वेळ’ची ‘वेल’ होते आणि ‘काळ’चा ‘काल’. मग पुण्याचे पाहुणे हसतात आणि आजी-आजोबा नातवावर रागावतात. ज्या मुलाला भेद पुरेसा ऐकवलाच नाही, त्याने तो उच्चारला नाही म्हणून त्याला दोष देणे न्याय्य नव्हे. दोष असलाच तर न बोलणाऱ्यांचा. पॅट्रिशिया कूल व सहकाऱ्यांनी २००३ साली दाखविले, की नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी भाषक समक्ष खेळले-बोलले, तेव्हा अवघ्या बारा बैठकींत त्या भाषेतील भेद बाळांना कळू लागले. तेच बोलणे पडद्यावरून वा ध्वनिफितीवरून ऐकविले, तेव्हा काहीच साधले नाही. मालिका लावून ठेवल्याने मराठी कानी पडेल. कानात रुजण्यास मांडीवर घेऊन बोलणारे माणूस लागते.

यावर कोणी म्हणेल, भाषा बदलतातच. एका अक्षरासाठी एवढा शोक कशाला? आक्षेपात तथ्य आहे. शुद्धतेच्या अभिमानासाठी कोणास ‘ळ’ शिकवावा, असे आम्हांसही वाटत नाही. परंतु काय सोडावे, हे कळून सोडणे निराळे आणि नकळत गमावणे निराळे.

शिवाय हा न्याय आपल्यालाही लागू आहे. हिंदी भाषकास ‘दिन’ आणि ‘दीन’ हे निराळे शब्द ऐकू येतात. मराठी जीभ दोन्ही सारखेच लांबवते. कन्नडमध्ये ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ यांनी अर्थ बदलतो. मराठी कानास तो भेद बहुधा जाणवत नाही. शेजाऱ्याच्या भाषेतील असे किती भेद आपल्या कानावर पडूनही आपण ऐकले नाहीत? सीमेवरच्या कलहात ज्याला आपण दुसऱ्याचा हट्ट म्हणतो, त्यात आपल्या न ऐकण्याचा वाटा किती?

जे ऐकूच आले नाही, त्याचा दोष माणसास लागत नाही, असे आमचे मत आहे. मात्र ऐकू येत नाही हे कोणी दाखवून दिल्यावर ही सबब उरत नाही. लहानपणी मिटलेली दारे पुढे कायमची बंद राहतात असेही नाही. ‘र’ आणि ‘ल’ यांत गोंधळणारे प्रौढ जपानी भाषकही सरावाने तो भेद पुष्कळसा ओळखू लागतात, असे प्रयोगांत दिसले आहे. कष्ट पडतात, एवढेच. त्या कष्टालाच मराठीत ऐकून घेणे म्हणतात.