मुक्त प्रणाली आणि साधनशुचिता

साध्य निर्दोष असले तर त्यासाठी वापरलेले साधनही तितकेच निर्दोष असावे लागते काय, हा साधनशुचितेचा प्रश्न गांधींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज’मध्ये मांडला आणि मराठी वैचारिक लेखनातही तो दीर्घकाळ चर्चिला गेला. राजकारणापुरता मानला जाणारा हा प्रश्न नव्या लॅपटॉपवर मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे जिचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि इतरांना देता येतो अशी संगणकाची पायाभूत प्रणाली, बसवू पाहणाऱ्यासमोरही तितक्याच तीव्रतेने उभा राहतो.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अशी मुक्त प्रणाली घडवण्याच्या जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांचा दावा तांत्रिक नसून नैतिक होता: यंत्र ज्याचे, त्या यंत्रातील आज्ञावलीवर सत्ताही त्याचीच असली पाहिजे. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिहिलेला लिनक्स हा गाभा या प्रयत्नाला मिळाला, आणि डेबियन या स्वयंसेवकांच्या प्रकल्पाने १९९७ साली आपल्या ‘सामाजिक करारा’त प्रणाली संपूर्णपणे मुक्त ठेवण्याचे जाहीर वचन दिले.

अडचण येते ती फर्मवेअरपाशी. वाय-फाय कार्ड, ग्राफिक्स चिप यांसारख्या घटकांच्या आत चालणारी ही छोटी आज्ञावली बहुधा उत्पादकाच्या मालकीची असते, तिचा मूळ कोड उघड नसतो, आणि ती पुरवल्याखेरीज तो घटक जागाच होत नाही. डेबियनचा जुना इन्स्टॉलर अशा वेळी थांबे, हव्या असलेल्या फाइलचे नाव पडद्यावर दाखवी आणि ती पेनड्राइव्हवरून देण्यास सांगे. परंतु ज्या पातळ लॅपटॉपला नेटवर्क केबलची खाचच नाही, त्याच्या मालकाने ती फाइल आणावी कोठून? त्याआधीची पायरीही निर्मळ नाही, कारण ‘सिक्युअर बूट’ ही सही तपासूनच आज्ञावली सुरू होऊ देणारी व्यवस्था चालू असेल, तर मुक्त प्रणालीचा पहिला लहानसा प्रोग्रॅम सर्वसाधारणपणे मायक्रोसॉफ्टच्या सहीनेच चालतो.

स्टॉलमन यांनी स्थापन केलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भूमिका कठोर आहे: प्रणालीने असे फर्मवेअर पुरवूच नये. मात्र चिपमध्ये कायमचे कोरलेले, कोणालाच बदलता न येणारे फर्मवेअर ही संस्था यंत्राच्या जडणघडणीचाच भाग समजते आणि स्वीकारते. या भेदामागील युक्तिवाद प्रामाणिक आहे, कारण जे उत्पादकालाही बदलता येत नाही त्यातून त्याची वापरकर्त्यावर नवी सत्ता निर्माण होत नाही. पण तो अपुरा आहे. तोच अपारदर्शक कोड डिस्कवर असला तर अशुद्ध आणि चिपमध्ये दडला तर ग्राह्य, असे मानल्याने शुद्धी केवळ स्थानावर ठरते, आणि जो कोड निदान दिसतो, काढता येतो, दुसरा मुक्त पर्याय मिळाल्यास बदलता येतो, तोच नेमका त्याज्य ठरतो.

डेबियनने २०२२ साली सदस्यांचे मतदान घेऊन करारातच दुरुस्ती केली, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून हे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये समाविष्ट झाले. ही तडजोड आहे, यात शंका नाही. परंतु ती लपवलेली नाही. असे फर्मवेअर भांडाराच्या स्वतंत्र विभागात ठेवले जाते, कोणते वापरले गेले याची यादी वापरकर्त्याला मिळते, आणि ते नाकारण्याचा मार्गही ठेवलेला आहे. साधन पूर्ण शुद्ध मिळत नसेल, तेव्हा त्यातील दोष उघड सांगणे आणि नकाराचा हक्क शाबूत राखणे ही साधनशुचितेची किमान अट होय, आणि डेबियनचा निर्णय ती पूर्ण करतो. जो असा लॅपटॉप वापरतो त्याने फर्मवेअरची ती यादी एकदा तरी वाचावी, आणि पुढचे यंत्र निवडताना कोणत्या उत्पादकाने आपला कोड खुला केला आहे याची चौकशी किमतीच्याही आधी करावी.