डोळे उघडे ठेवण्याची मुभा

पाली विनयपिटकात वैशालीची एक गोष्ट आहे. बुद्धांनी भिक्षूंना अशुभभावना शिकवली, म्हणजे देहाच्या अमंगळपणाचं चिंतन, आणि ते स्वतः पंधरवडाभर एकांतात गेले. परतले तेव्हा संघ विरळ झालेला दिसला. त्या चिंतनातून अनेकांना स्वतःच्या देहाची इतकी शिसारी आली होती, की त्यांनी जीवन संपवलं होतं. भिक्षूंना दुसरा काही मार्ग सांगावा, अशी विनंती बुद्धांचा शिष्य आनंद याने केली. तेव्हा बुद्धांनी आनापानसती शिकवली. येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवायचं, एवढीच ती साधना.

श्वास तेवढा सुरक्षित, असा अर्थ यातून काढणं सोपं आहे. मला त्यात दुसरं काही मोलाचं दिसतं. माणसं कोलमडली तेव्हा ‘तुमचीच साधना कच्ची’ असं कोणी म्हटलं नाही; साधनाच बदलली. पुढे पाचव्या शतकात बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला. त्यात ध्यानाचे चाळीस विषय आहेत आणि स्वभावाचे सहा प्रकार. कोणाला कोणता विषय द्यायचा, हे त्या माणसाला ओळखणाऱ्या कल्याणमित्राने ठरवायचं.

आजचं चित्र वेगळं आहे. १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात माइंडफुलनेसचे वर्ग सुरू केले आणि त्यातून आठ आठवड्यांचा ठरीव अभ्यासक्रम जगभर गेला. आपल्याकडे इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोएंका यांच्या पद्धतीची दहा दिवसांची शिबिरं होतात. ‘मित्र उपक्रमा’तून आनापान महाराष्ट्रातल्या शाळांपर्यंतही पोचलं. असंख्य लोकांना याचा लाभ झाला आहे, आणि तो खरा आहे. पण समोर तीस जण बसलेले असतात आणि सूचना एकच असते: डोळे मिटा, स्थिर बसा, श्वासाकडे लक्ष द्या. त्या तिसांत कोणी बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेलं असू शकतं, कोणी घरात रोज मार खाणारं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंपाने दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. ढिगाऱ्याखाली धुळीने ज्याचं नाक-तोंड भरलं, त्याच्यासाठी श्वास ही साधी, तटस्थ गोष्ट राहील असं कसं धरून चालायचं? ज्या मुलीचं तोंड दाबून धरलं होतं तिचं काय? श्वासाकडे लक्ष गेलं की छाती आवळते आणि ती घटना आठवत नाही, तर पुन्हा घडू लागते. डोळे मिटलेले, त्यामुळे आपण आज सुखरूप एका खोलीत आहोत याचा पुरावाही नजरेआड झालेला. अशा वेळी ‘उठणाऱ्या संवेदनेकडे फक्त पाहा, ती निघून जाईल’ ही सूचना फार अपुरी पडते. आघाताची आठवण नुसतं पाहिल्याने विरतेच असं नाही. काहींच्या बाबतीत ती पाहण्यानेच भडकते.

असा माणूस घाबरून उठला तर निदान कळतं तरी. मला जास्त काळजी वाटते ती अजिबात न हलणाऱ्याची. पळता येत नाही, झुंजता येत नाही, तेव्हा शरीर गोठतं आणि मन तिथून निघून जातं. ज्याने लहानपणी असंच स्वतःला वाचवलं, तो ध्यानाला बसला की तीच वाट धरू शकतो. बाहेरून तो वर्गातला सर्वांत शांत साधक दिसतो. त्याचं कौतुकही होतं. घंटा झाल्यावर मात्र त्याला परत यायला वेळ लागतो, नजर कशावर ठरत नाही, हातापायांना मुंग्या असतात, मधली वीस मिनिटं आठवत नाहीत. ही समाधी नव्हे. शांत असणं आणि सुन्न असणं यांतला फरक लांबून ओळखू येत नाही. तो विचारावाच लागतो, आणि निर्भयपणे सांगता येईल असा विचारावा लागतो.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे असं मला वाटतं. आघातात माणसाकडून निवड हिरावली जाते. आपल्या शरीराचं काय होणार, हे दुसरं कोणी किंवा दुसरं काही ठरवतं. म्हणून नंतरच्या कुठल्याही साधनेत निवड त्याच्या हाती परत जायला हवी. ‘हलू नका’ हे वाक्य एकाला शिस्त वाटतं, दुसऱ्याने ते पूर्वी भलत्याच तोंडून ऐकलेलं असतं. त्याऐवजी शिक्षकाने म्हणावं: डोळे मिटा किंवा समोर जमिनीवर नजर ठेवा. श्वास नको वाटला तर तळपायाखालची फरशी जाणवून घ्या, नाही तर बाहेरचा आवाज ऐका. बसवत नसेल तर उभे राहा, चाला. सतिपट्ठानसुत्तात चालणं, उभं राहणं, बसणं, पहुडणं या चारही अवस्था आहेतच. दार कुठे आहे ते आधी दाखवावं. विचारल्याशिवाय खांद्याला हात लावू नये, डोळे मिटलेल्यांच्या मागून फिरू नये. सुरुवातीला दोन-तीन मिनिटंही पुरेत. डेव्हिड ट्रेलिव्हन यांनी २०१८ साली या विषयावर पुस्तकच लिहिलं. या मुभांमागचा विचार त्यात सविस्तर आला आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही: अशाने माणूस दुःख टाळायला शिकेल, आणि टाळण्यानेच तर आघात मुरतो. टाळण्याने तो मुरतो हे खरं आहे. म्हणून तर आठवणीला मुद्दाम सामोरं जाण्याचे मानसोपचार आहेत. पण तिथे समोर प्रशिक्षित उपचारक असतो, मात्रा ठरलेली असते, रुग्णाने समजून होकार दिलेला असतो. मौन पाळून, डोळे मिटून, गर्दीत एकट्याने त्याच आठवणीत ढकललं जाणं हा तो उपचार नव्हे.

तेव्हा आघात सोसलेल्यांना ध्यानापासून दूरच ठेवावं का? तसं मुळीच नाही. मार्क विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली, नैराश्य वारंवार उलटणाऱ्या २७४ जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सजगतेवर आधारित उपचाराचा गुण सरसकट सर्वांना ठळकपणे आला नाही. ज्यांचं बालपण अधिक होरपळलं होतं, त्यांच्यात तो दिसून आला. दार बंद करायचं तर ते नेमकं त्यांच्यावरच बंद होईल. म्हणून वर्गाआधी प्रत्येकाशी एकांतात बोलावं, आघाताचा तपशील न उकरता. झोप लागते का, उपचार चालू आहेत का, घाबरायला झालं तर आजवर कशाने सावरलं, एवढं विचारावं. आत्महत्येचे विचार येत असतील तर आधी मानसोपचारतज्ज्ञ.

आणि तरीही वर्गात कोणी हरवलंच, तर आवाज न चढवता नावाने हाक मारावी. डोळे उघडायला सांगावं, खोलीतल्या वस्तूंची नावं घ्यायला लावावीत, पाणी द्यावं. त्या दिवशी त्याला पुन्हा बसवू नये. तो घरी एकटा नसेल याची खात्री करावी, ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी त्याला आपणहून फोन करावा.