बावन्न सेकंदांची देशभक्ती

बसू नका. उभेच राहा. राष्ट्रगीताला ताठ कसं उभं राहावं यावर परवाच्या वादविवादात तुम्ही इतकं बोललात, की आज माझं बोलणं संपेपर्यंत उभं राहायला तुम्हाला जड जाऊ नये.

विषय मीच दिला होता. राष्ट्रगीत चालू असताना खेळाडूने निषेध करावा का? एक वगळता झाडून सगळे विरोधात बोललात. बोला. मत असणं हा गुन्हा नाही. पण एका मुलाने अमेरिकेतल्या कॉलिन कॅपरनिक या खेळाडूची बाजू घेतली, तेव्हा तुम्ही बाकं बडवलीत, त्याला देशद्रोही म्हणालात, आणि मागच्या बाकावरून त्याच्या आडनावावर एक शेरा आला. शेरा कुणाचा होता ते मला माहीत आहे. त्याच्याकडे मी नंतर येते.

आधी वादविवादाच्या आदल्या रविवारचं बोलू. पंधरा ऑगस्टच्या निमित्ताने पाड्यात फुटबॉलचा सामना होता. खेपेचे खेळाडू आणले होते. खेप म्हणजे काय, हे हावड्यात वाढलेल्या मुलांना मी सांगायला नको. क्लब एका दिवसाचे पैसे मोजून खेळाडू आणतो, आणि आफ्रिकेतून आलेले कितीतरी तरुण मोठ्या क्लबात जागा मिळेपर्यंत त्याच पैशांवर खोलीचं भाडं भरतात. तसा एक जण त्या दिवशी खेळत होता. सामन्याआधी भोंग्यावर राष्ट्रगीत लागलं. तुम्ही सगळे सावधान. छाती पुढे, हात मांडीला चिकटलेले. आणि सामना सुरू झाल्यावर त्या मुलाच्या पायात चेंडू आला की प्रत्येक वेळी ‘कालू, कालू’, आणि वर माकडाचे आवाज. बावन्न सेकंद देशभक्ती, उरलेला वेळ हा तमाशा. मी कुंपणापलीकडच्या रस्त्यावर भाजीची पिशवी घेऊन उभी होते. तुम्हा मराठी मुलांच्या शिव्या हावड्यात कुणाला कळत नाहीत, असं समजू नका.

‘बाई, आम्ही गमतीने म्हणतो’, हे उत्तर तयार असेल. वेस्ट इंडीजचा डॅरेन सॅमी हैदराबादच्या आयपीएल संघात असताना त्यालाही म्हणे असंच गमतीने ‘कालू’ म्हणायचे. धट्टाकट्टा घोडा असा काहीतरी अर्थ असेल म्हणून तो बिचारा खूशही होता. खरा अर्थ कळल्यावर, २०२० मध्ये, त्याने जाहीर सांगितलं. तेव्हाही उत्तर हेच आलं, की प्रेमाने म्हणत होतो. प्रेमाने हाक मारायची असेल तर माणसाचं नाव विचारावं. विचारलंत त्या मुलाचं नाव? एकाने तरी?

आता कॅपरनिक. तुम्ही म्हणालात, त्याने सैनिकांचा अपमान केला. वाचलं होतंत काही, की फोनवर आलेलं घोकलंत? २०१६ च्या ऑगस्टमध्ये तो राष्ट्रगीताला बाकावर नुसता बसून राहिला. पोलिसांच्या हातून काळी माणसं मारली जातात, म्हणून. त्यावर नेट बॉयर नावाचा माणूस त्याला भेटला. हा बॉयर अमेरिकन सैन्याच्या विशेष दलात होता, लढाईवर जाऊन आलेला. त्याने सुचवलं की बसू नकोस, गुडघा टेक. सैनिक आपल्या मेलेल्या सोबत्याच्या थडग्यापुढे तसाच गुडघा टेकतो. सप्टेंबरपासून कॅपरनिक गुडघ्यावर आला. म्हणजे ज्याला तुम्ही सैनिकांचा अपमान म्हणता, तो प्रकार एका सैनिकाने सुचवलेला. पुढच्या हंगामापासून त्याला एकाही संघाने घेतलं नाही. चांगला खेळणारा माणूस, ऐन उमेदीत घरी बसला.

त्याच्याही आधी मेक्सिकोचं ऑलिंपिक. १६ ऑक्टोबर १९६८, दोनशे मीटरची शर्यत. टॉमी स्मिथने १९.८३ सेकंदांचा विश्वविक्रम केला, जॉन कार्लोस तिसरा आला. दोघे बूट काढून, नुसत्या काळ्या मोज्यांवर पदकाच्या चौथऱ्यावर चढले, कारण त्यांना अमेरिकेतल्या आपल्या काळ्या लोकांचं दारिद्र्य दाखवायचं होतं. राष्ट्रगीत लागलं, दोघांनी मान खाली घातली आणि काळ्या हातमोज्यातली मूठ वर केली. लगेच संघातून काढलं, घरी पाठवलं. आणि दुसरा आलेला ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन? गोरा. त्याचं यात काही जात नव्हतं. त्याने मानवी हक्कांचा बिल्ला मागून घेऊन छातीला लावला. पुढे त्याच्या देशाने त्याला कसं वागवलं ते शोधून वाचा. २००६ मध्ये तो गेला, तेव्हा स्मिथ आणि कार्लोस त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला ऑस्ट्रेलियात गेले होते.

बूट काढले म्हटल्यावर तुमचे डोळे चमकायला हवे होते. चमकले नाहीत. मोहन बागानची जर्सी घालून हिंडता ना? २९ जुलै १९११. आयएफए शील्डचा अंतिम सामना, समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट. आपल्या अकरांतले दहा जण अनवाणी. शिबदास भादुरींनी बरोबरी साधली, अभिलाष घोषांनी दुसरा गोल मारला, २–१. इथवर तुम्हाला पाठ आहे. पुढचं कुणी सांगत नाही, कारण त्यावर मिरवणूक निघत नाही. एवढा विजय मिळवूनही कलकत्त्याच्या लीगमध्ये पहिल्या श्रेणीत दोनपेक्षा जास्त भारतीय संघ घ्यायचे नाहीत, असा नियम होता. गुणवत्तेचा प्रश्नच नव्हता. कातडीचा होता. ईस्ट बंगालने भांडण काढलं आणि १९२५ मध्ये पहिल्या श्रेणीत पाय ठेवला, तेव्हा तो नियम मोडला.

हावडा मैदानावरून गंगेखालच्या मेट्रोने पलीकडे जाता, ईडन गार्डनसमोर गोष्ठ पाल यांचा पुतळा आहे, त्याच्यापुढे फोटो काढता. त्यांची कुठली गोष्ट कोलकात्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात? रेफरी गोऱ्यांच्या बाजूने निर्णय देत होता म्हणून ते आणि त्यांचे सोबती भर मैदानात आडवे झाले, खेळायलाच नाकारलं. ही गोष्ट ऐकून तुम्ही टाळ्या वाजवता. आपला माणूस आडवा झालेला चालतो, दुसऱ्याने गुडघा टेकला की देशद्रोह?

हे झालं गोऱ्यांचं. गोऱ्यांना शिव्या घालायला तुम्हाला आवडतं, सोपं असतं. आता आपल्या घरात या.

१९११ चाच तो उन्हाळा. इकडे मोहन बागान शील्ड जिंकत होतं, तिकडे इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय क्रिकेट संघात एक डावखुरा गोलंदाज बळींमागून बळी घेत होता. संघ हरत होता, हा जिंकत होता. दौऱ्यात ११४ बळी. पळवणकर बाळू. चर्मकार समाजातला, पुण्यात वाढलेला. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात तो खेळपट्टी लाटायचा आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. बॅट त्याच्या हातात कुणी दिली नाही. नंतर गोऱ्यांना हरवायचं म्हणून पुण्याच्या हिंदूंनी त्याला संघात घेतलं. मैदानात सगळे तोच चेंडू झेलायचे, आणि चेंडू चामड्याचा, बरं का. चहाची वेळ झाली की बाळूचा चहा मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. तुम्ही भांडातला चहा पिऊन रस्त्यात फोडता ना, तशाच भांड्यात. फरक एवढाच, की तुम्ही ते हौसेने घेता.

हा माणूस कर्णधार व्हायला लायक होता, हे सगळ्यांना कळत होतं. झाला नाही. त्याच्या धाकट्या भावांची, शिवराम आणि विठ्ठल यांची, १९२० ची गोष्ट ऐका. मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांत हिंदू संघाने बाळूला वगळलं आणि विठ्ठलला कर्णधारपदासाठी डावललं. कारण जात. शिवराम आणि विठ्ठल संघातून बाहेर पडले आणि का पडलो हे वर्तमानपत्रांतून जाहीर केलं. नीट लक्षात घ्या. स्वराज्याचं वारं सुटलेलं, हिंदू संघ म्हणजे जणू मुंबईच्या हिंदूंची अब्रू, आणि ऐन मोक्याला हे दोघे म्हणाले, नाही खेळत. तुमच्यासारखे तेव्हाही असणार. ‘ही वेळ आहे का? देशापुढे जात काढता?’ असं म्हणायला तोंडं कमी नव्हती. पण लोकांचा मोठा भाग भावांच्या बाजूने उभा राहिला, आणि त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बाळूला उपकर्णधार करून तिघांना आणावं लागलं. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला आणि स्पर्धा जिंकून दाखवली. त्याने पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. मराठीत! कॅपरनिकला तुम्ही इंग्रजीतून शिव्या देता, आणि आपल्या भाषेतलं हे पुस्तक तुमच्यापैकी एकाच्याही घरात नाही.

मागच्या बाकावरच्या शहाण्या, आता तुझ्याकडे वळते. आडनावावरून शेरा मारलास तो याच गोष्टीचा आहे. तुझा काका गलाईच्या धंद्यासाठी सांगलीहून कोलकात्यात आला, भट्टीपुढे हात भाजून घेतले, आणि इथल्या लोकांनी त्याला परका म्हटलं की घरी येऊन चिडायचा, हे तूच निबंधात लिहिलं होतंस. बाराशे मैलांवर येऊनसुद्धा ते एवढं ओझं कशाला आणलंत? सामानात जागा कशी झाली?

आणि ते ‘चिंकी’ म्हणणारे दोघे. हो, तेही ऐकलंय मी, मोमोच्या गाडीवर. स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाचा पहिला ऑलिंपिक कर्णधार कोण? १९४८, लंडन. तालिमेरेन आओ. नागा. मोहन बागानचा खेळाडू, आणि खेळता खेळता पलीकडे कोलकात्यातच डॉक्टर झालेला. त्याच संघात आपल्या हावड्याचे शैलेन मन्ना होते, ज्यांच्या नावाच्या स्टेडियमबाहेर तुम्ही फुचका खाता. फ्रान्सविरुद्ध मन्नांची पेनल्टी हुकली आणि आपण २–१ हरलो. कुणी त्यांचा धर्म, जात, गाव काढलं नाही. १९५१ मध्ये त्यांनीच कर्णधार म्हणून दिल्लीत आशियाई सुवर्ण आणलं. आता आजचं बघा. २४ ऑक्टोबर २०२१, दुबई. सामन्याआधी आपल्या क्रिकेट संघाने वर्णद्वेषाविरुद्ध गुडघा टेकला. व्यवस्थापनाने सांगितलं म्हणून टेकला, तरी टेकला. रात्री पाकिस्तानकडून हरलो, आणि बंगालकडून खेळणाऱ्या मोहम्मद शमीच्या धर्मावर लोक तुटून पडले. विराट कोहलीने पुढे त्याची बाजू घेतली हे मी नोंदवते. त्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये हॉकीत हॅटट्रिक करणाऱ्या वंदना कटारियाच्या घरापुढे, संघ उपांत्य सामना हरला म्हणून, जातीवरून शिव्या घालत लोक नाचले होते. त्या नाचणाऱ्यांपैकी राष्ट्रगीताला बसून राहणारा एकही नसेल, हे मी पैजेवर सांगते.

मी स्वतः उभी राहते. गुडघे दुखतात तरी उभी राहते, आणि उद्या खेळाडूंनी मला विचारलं तर मी म्हणेन, राष्ट्रगीत होऊ द्या, मग बोला. हे माझं मत. पण माझं मत दुसऱ्याच्या मानगुटीवर बसवायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. १९८५ मध्ये केरळात तीन मुलांना शाळेतून काढलं होतं. ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. आणि कॅपरनिकने गुडघा टेकला त्याच २०१६ मध्ये पणजीच्या चित्रपटगृहात एका माणसाला मागून मारलं, उभा राहिला नाही म्हणून. तो चाकाच्या खुर्चीवर बसणारा होता. मारणाऱ्यांनाही तुमच्यासारखीच घाई होती.

आता कोपऱ्यातला तू. खूश होऊ नकोस. तुझं भाषण मी तपासलं आहे. कॅपरनिक आहे, स्मिथ आहे, कार्लोस आहे, पळवणकर नाहीत, आओ नाहीत. फोनवरून उतरवलंस. आणि त्या रविवारी तूही कठड्याला टेकून उभा होतास. ओरडला नाहीस, मान्य. पण ‘गप्प बसा’ एवढे दोन शब्दही तुझ्या तोंडून निघाले नाहीत. वर्गात अमेरिकेवर बोलायला लागते त्याहून जास्त हिंमत पाड्यात आपल्याच मित्रांपुढे बोलायला लागते. ती आण.

येत्या रविवारी त्याच मैदानावर पुढचा सामना आहे, आणि तो मुलगा खेळणार आहे. क्लबात विचारून आले मी. सामन्याआधी सगळ्यांनी जायचं, नाव विचारायचं, माफी मागायची. हिंदीत, इंग्रजीत, बांगलात, जी धड येते त्या भाषेत. माफीचं वाक्य मी लिहून देणार नाही, आणि ‘जर तुला वाईट वाटलं असेल तर’ अशी सुरुवात केलीत तर परत मागायला लावीन. त्याने तोंड फिरवलं तर तो त्याचा हक्क आहे, वाद घालायचा नाही. मागच्या बाकावरचा शेरा इथेच, आत्ता, ज्याला मारला त्याच्यापुढे परत घ्यायचा. सव्वीस जानेवारीला झेंडा धरून पुढे कोण चालणार, ते मी त्यानंतर ठरवीन.

चल, तू ये पुढे. बाकीचे उभेच राहा.