प्रभूने जिथे अश्रू ढाळले



ऑलिव्ह डोंगराच्या उतारावर एक लहानसे चॅपेल आहे. पवित्र भूमीच्या यात्रेला गेलेल्यांनी ते पाहिले असेल. येरुशलेम नगरी दृष्टीस पडताच प्रभू येशू येथे रडला, असे परंपरा सांगते (लूक 19:41-42). शांतीचा मार्ग तिला उमगला नाही, हे त्याचे दुःख होते. त्याच नगरीवर आज यहुदी आणि पॅलेस्टिनी असे दोघेही हक्क सांगतात.

1948 साली इस्रायल राष्ट्र जन्मले. छळछावण्यांतून वाचलेल्या यहुद्यांना घर मिळाले. त्याच युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. 1967 मध्ये इस्रायलने पूर्व येरुशलेम, पश्चिम किनारा आणि गाझाही ताब्यात घेतले.

शांतीसाठी कोणी झटलेच नाही, असे नाही. इजिप्तचे अध्यक्ष सादात यांनी 1979 मध्ये इस्रायलशी तह केला. 1981 मध्ये त्यांच्याच सैनिकांनी त्यांना गोळ्या घातल्या. 1967 च्या युद्धातील इस्रायलचे सेनापती राबिन यांनी पंतप्रधान म्हणून 1993 मध्ये पॅलेस्टिनी नेते अराफत यांच्याशी हस्तांदोलन केले. 1995 मध्ये शांतता सभेतून निघताना त्यांना एका यहुदी तरुणाने ठार केले. दोघांनाही मारले ते शत्रूने नव्हे, घरच्यांनी!

7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासने इस्रायलमध्ये सुमारे 1200 जणांचे बळी घेतले, 251 जणांना ओलीस नेले. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये साठ हजारांहून अधिक लोक मेले, असे तेथील आरोग्य खाते सांगते. गाझातील पवित्र कुटुंब चर्चमध्ये शेकडो लोक आसऱ्याला होते. पोप फ्रान्सिस एप्रिल 2025 मध्ये निधन होईपर्यंत जवळजवळ रोज संध्याकाळी तेथे फोन करीत. त्याच चर्चवर 17 जुलै 2025 रोजी इस्रायली तोफगोळा पडून तिघे दगावले.

आपल्याकडेही टीव्हीसमोर बाजू घेतल्या जातात. स्तोत्रांत इस्राएलचे नाव येते, म्हणून आजच्या इस्रायली सरकारची प्रत्येक कृती देवाला मान्य आहे, असा समज काहींनी करून घेतला आहे. तो चुकीचा आहे. गाझासाठी कळवळताना यहुद्यांचा द्वेष करणेही तितकेच चूक. पवित्र मरिया यहुदीच होती ना?

आजच्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत आपण गाझातील त्या धर्मग्रामाची आठवण करणार आहोत, आणि 7 ऑक्टोबरला आपली माणसे गमावलेल्या इस्रायली कुटुंबांचीही. दोन्ही विनंत्यांना सारख्याच मोठ्या आवाजात प्रतिसाद देऊ या.