अठ्ठावीसचा आकडा

आधी पायांतली ती चेन पूर्ण उघड, कॅनोपी खाली ठेव आणि फोन खिशात घाल. जमिनीला पाय लागून पाच मिनिटं झाली नाहीत, तोवर अख्ख्या ड्रॉपझोनला सांगून आलास, 'माझा उभा वेग ताशी २८ किलोमीटर!' इथे कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षं विंगसूट उडवणारी माणसं गालातल्या गालात हसली. मान खाली माझी गेली, कारण तुला शिकवलं कोणी, तर मी.

बघू तो आलेख. हं. ताशी ९० ने खाली येत होतास, छाती वर उचललीस, आकडा २८ वर आला. किती वेळ? तीन सेकंद. त्याच्या पुढचा भाग बोटाने का झाकतोस? तिथे ११० आहे. साठवलेला सगळा वेग तीन सेकंदांत उधळलास, पंखांना हवा पुरेना, आणि मग धोंड्यासारखा आलास खाली. झोपाळा टोकाला गेला की क्षणभर थांबतोच. म्हणून त्यावरचं पोर 'मी तरंगतोय' असं गावभर सांगत सुटत नाही. तू इंजिनिअर आहेस म्हणे!

स्पर्धेतल्या वेळेच्या फेरीत काय मोजतात ठाऊक आहे? जमिनीपासून २,५०० मीटरवर खिडकी उघडते, १,५०० वर मिटते. मधले १,००० मीटर उतरायला तुला किती सेकंद लागले, एवढंच विचारतात. साठ सेकंद लागले तर सरासरी ताशी ६०, पंचेचाळीस लागले तर ८०. तुझे मोजलेत मी. बेचाळीस. कर भागाकार.

आणि हा आलेख काढणारं ते जीपीएसचं यंत्र विमानात बसल्यावर चालू केलंस ना? नोंदींत दिसतंय मला. पत्र्याच्या छताखाली त्याला उपग्रह कुठून सापडणार? सुरुवातीच्या नोंदी सगळा कचरा आहे. जीपीएस उघड्या आकाशाखाली, जमिनीवर, आधी स्थिर होऊ द्यायचं, हे किती वेळा सांगू? त्यातही उंचीच्या बाबतीत ते आडव्या जागेपेक्षा कच्चंच असतं. उपग्रह सगळे डोक्यावर, पायाखाली एकही नाही. एक मीटर उतरताना तीन मीटर पुढे गेलास, ग्लाइड रेशो तीन आला म्हणून नाचतोस, तेव्हा वारा पाठीवर होता हे विसरू नकोस. जीपीएसला जमीन कळते, वारा कळत नाही.

मनगटावरचा अल्टिमीटर वेगळं सांगतो म्हणून तो बिघडला, असंही ठरवून मोकळा झालास. बिघडलेला नाही तो. तो हवेचा दाब मोजतो. उडताना पंखाच्या वरच्या बाजूला आणि पाठीमागे दाब कमी होतो. यंत्र त्या हवेत आलं की त्याला वाटतं, आपण आहोत त्यापेक्षा वर आहोत. हात हलला की दाब हलतो, आणि दाबावरून वेग काढणाऱ्या यंत्राचा आकडाही उगाच उड्या मारतो. शिवाय ४,००० मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश दाट. शरीराची ठेवण तीच असली तरी खालचे ६० तिथे ७० च्या वर जातात. म्हणून वरचा आकडा खालच्याशी ताडून 'सुधारणा झाली' म्हणायचं नसतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी चहा पिऊन गप्प बसलो असतो. पण हेल्मेटमधला ऑडिबल कुठाय? बॅगेत! का, तर त्याच्या पिपाणीमुळे जीपीएस कानात वाजवतं तो वेगाचा सूर नीट ऐकू येत नव्हता. अरे, तो सूर चढला-उतरला तर तुझं तंत्र कळतं. ऑडिबल वाजला तर जमीन किती उरली ते कळतं. पहिल्यासाठी दुसरं बाजूला ठेवणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

५,००० फुटांना उघडायचं ठरलं होतं. उघडलंस ३,८०० ला. तुझ्याच लाडक्या आलेखातले ११० घे: सेकंदाला सुमारे १०० फूट. १,२०० फूट म्हणजे बारा सेकंद. मी खाली उभा राहून मान वर करून ते बारा सेकंद मोजले. कॅनोपी तरी सरळ उघडली. दोऱ्यांना पीळ पडला असता, तर तो सोडवायला लागणारे बारा सेकंद तू आधीच खर्चून बसला होतास.

या शनिवार-रविवारी विंगसूट बंद. दहा साध्या उड्या मार, ऑडिबल कानाशी लावून, आणि प्रत्येक उडीनंतर आलेख न बघता मला सांग, किती फुटांवर उघडलंस. चुकलास तर अकरावी.

आता कॅनोपी उचल. मघापासून वाळूत लोळतेय ती.